समास

पोरगी बोलायला लागली तीच 'का?' म्हणत. दूध पी म्हटलं की का, झोप म्हटलं की का. मामा म्हणाला, "ताई, ही दिवसभर का-का करते, हिला कावळीच म्हणू या." तेव्हापासून ती कावळी. आता अठराव्या वर्षी कायद्याच्या पदवीसाठी दोन विद्यापीठांचा होकार एकाच आठवड्यात आला, तेव्हाही मामाच म्हणाला, "बरं झालं. कावळीला काळा कोट वेगळा शिवायला नको."

हसणं झालं आणि पेच उरला. एक विद्यापीठ बसने तीन थांब्यांवर. दुसरं आगगाडीने अकरा तासांवर. शिष्यवृत्ती दोन्हीकडे सारखी, वर्षं सारखी, विषयही जवळजवळ तेच. शुक्रवारी पाचच्या आत एकीकडे हो कळवायचं होतं. नाही कळवलं तर दोन्ही जागा हातच्या जाणार.

"नाणं उडव," मामा म्हणाला.

"नाण्याला कायद्यातलं काय कळतं?" कावळी म्हणाली.

"तुला तरी कुठे कळतंय अजून?"

आई एका जुन्या पुस्तकाला पुठ्ठा चिकटवत ऐकत होती. ती बाइंडर होती. पुढच्या खोलीत तिची कापणीची मशीन, खळीचं भांडं, पुठ्ठ्यांचा ढीग. रोज सकाळी मशीनला हात लावण्याआधी ती क्षणभर डोळे मिटून उभी राहायची. महिनाभर त्या क्षणात ती एकच गोष्ट मागत होती: पोर जवळच्या विद्यापीठात जाऊ दे. पण हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मुलीच्या पायात आपली इच्छा अडकवायची नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

जागा बघायला दोन्हीकडून बोलावणं आलं, तेव्हा मात्र तिने एक गोष्ट सुचवली. "माहितीपत्रकावर जाऊ नकोस. त्यात सगळेच हसरे असतात. ग्रंथालयात जा, कराराच्या कायद्याचं एकच जुनं पुस्तक दोन्हीकडे मागव आणि त्याची कड बघ. पानं वाचली गेली असतील तर बोटांनी कड काळी पडते. कड खोटं बोलत नाही."

कावळीचे डोळे चमकले. "म्हणजे पुस्तकाची साक्ष काढायची!"

लांबच्या प्रवासाला मामा सोबत गेला. गुरुवारी दुपारी दोघं परतली, ती निकाल घेऊनच.

"जवळच्याची कड तव्याच्या बुडासारखी काळी," कावळीने फोन पुढे केला. "आणि लांबच्याची बघ. दुधासारखी पांढरी! एवढं नाव त्यांचं, पण पुस्तकाला कुणी हात लावत नाही वाटतं."

"नाव मोठं आणि लक्षण खोटं," मामाने लगेच शिक्का मारला.

"ठरलं मग. उद्या कळवून टाकते."

आईचे हात खळीत होते. ते तसेच राहिले. मागितलं होतं ते मिळालं, आणि तेही तिच्याच शिकवणीने. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

सकाळी मशीन पुसताना मात्र तिला राहवलं नाही. सवयच होती ती. दुसऱ्या बाइंडरचं काम दिसलं की बघायचंच. कावळी आंघोळीला गेली होती, फोन टेबलावर होता. आईने पांढऱ्या कडेचा फोटो बोटांनी मोठा केला. कड फारच सरळ होती. इतक्या जुन्या पुस्तकाची कड इतकी सरळ कशी राहील? तिने पुढचा फोटो उघडला. कावळीने छपाईचं वर्ष दाखवायला एक पान काढलं होतं, आणि समोरचं पानही त्यात आलं होतं. त्याचा समास, म्हणजे कडेची कोरी जागा, जेमतेम बोटभर उरली होती. छापताना कुणी एवढा अरुंद समास ठेवत नाही.

आईने हातातलं फडकं खाली ठेवलं.

ती जवळच्या पुस्तकाच्या फोटोकडे वळली. काळेपणा होता, पण वरच्या कडेवर. वरची कड धुळीने काळी होते. बोटं लागतात ती समोरच्या, पानं उलटायच्या कडेला. 'कड बघ' म्हणाली होती ती. कुठली कड, ते सांगायचं राहिलं होतं. तिच्या धंद्यात कड म्हटलं की समोरचीच, आणि बाहेरच्या माणसाला तीन कडा दिसतात.

आता गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. मामाला तर नाहीच. देवाने दिलं होतं, असं म्हणता आलं असतं. पण चुकीच्या पुराव्यावर मिळालेलं दान घेऊन उद्या सकाळी पुन्हा त्याच मशीनपुढे डोळे कसे मिटायचे?

"कावळे, इकडे ये जरा."

कावळी ओले केस पुसत आली. आईने पांढरी कड दाखवली. "हे न वाचलेलं पुस्तक नाही. हे वाचून वाचून फाटलेलं पुस्तक आहे. पुन्हा बांधलंय. माझ्या अंदाजाने दोनदा तरी. प्रत्येक वेळी मशीनवर कड कापतात, म्हणून पांढरी दिसते. समास बघ किती उरलाय. आणि हे जवळचं, ही वरची धूळ आहे. फळीवर बसून राहिलेलं पुस्तक."

कावळीने दोन्ही फोटो मागेपुढे करून पुन्हा बघितले. मग तिची मान ताठ झाली, म्हणजे वाद येणार. "एका पुस्तकावरून विद्यापीठ ठरवायचं? एकाच साक्षीदारावर कुठलं न्यायालय निकाल देईल?"

"काल देत होतीस की," मामा दारातून म्हणाला.

"तू थांब रे मामा!" पण ती हसली, आणि हसता हसता तिने पान आणखी मोठं केलं. "आई, समासात काहीतरी लिहिलंय."

पेन्सिलीचं अक्षर होतं, फिकट. 'का?' त्याखाली शाईत, वेगळ्या हाताने: 'कारण दुसऱ्या पक्षाला' आणि पुढे कड. त्याखाली तिसरं अक्षर, बारीक, तिरकं: 'पण मग असं का'. तेही मशीनने अर्ध्यावर छाटलेलं.

"दुसऱ्या पक्षाला काय?" कावळी म्हणाली. "काय लिहिलं असेल पुढे?"

"ते कापणीत गेलं."

"अगं पण काय असेल? फसवलं असेल? माहीतच नसेल?" ती खुर्ची ओढून बसली, उठली, पुन्हा बसली. तीन वेगवेगळी माणसं, कदाचित तीन वेगवेगळ्या वर्षी, एकाच ओळीपाशी तिच्यासारखीच अडली होती. तिने फोन छातीशी धरला. "मला ते पुस्तक पूर्ण वाचायचंय. तिथे बसून."

मामाने एकदा ताईकडे बघितलं.

चार वाजायच्या आधीच तिने लांबच्या विद्यापीठाला हो कळवलं. मग मशीनजवळ येऊन उभी राहिली.

"तू बोलली नसतीस तर मला कळलं नसतं."

"नसतं कळलं."

"मी इथेच राहिले असते. तुला तेच हवं होतं ना?"

आईने पुठ्ठ्यावरची खळ बोटाने सारखी केली. "हो."

"मग का सांगितलंस?"

"झालं सुरू का-का," आई म्हणाली. मग खळीचा हात पुसत पुढे बोलली. "इतकी वर्षं कड कापतेय मी. समासात कुणाचं अक्षर दिसलं तरी कधी थांबून वाचलं नाही. काम उरकायचं असायचं. किती जणांची उत्तरं त्या चिंध्यांत गेली असतील, कुणास ठाऊक."

कावळीने मशीनखालच्या कागदाच्या चिंध्यांकडे बघितलं. तिच्याकडे पहिल्यांदाच पुढचा प्रश्न नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी आईने तिच्यासाठी जाड वही शिवली. मामाने ती उचलून उलटीसुलटी केली. पानं खालीवर, कडा ओबडधोबड. "ताई, ही अर्धवटच राहिली की. कापायची विसरलीस."

"विसरले नाही," आई म्हणाली. "ठेव तिच्या पिशवीत."