कॅटलॉगसाठी बावीस फोटो

‘मनोजभाऊ, फोटो काढून राह्यले का येरझारा घालून राह्यले?’ नर्सरीचे मालक धर्मेंद्रभाऊ शेडमधून ओरडले.

दोन्ही, मी मनात म्हटलं. संत्र्याच्या कलमांमधून माझी ही पाचवी फेरी होती. काळ्या पिशव्यांत गुडघ्याएवढी कलमं, सगळी एकसारखी. त्यात टिपण्यासारखं काय शोधायचं? आणि शोधायचं तर आजच होतं. अकोल्याला जठारपेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. सव्वीस वर्षं मी पासपोर्टचे फोटो काढले, लग्नं केली, आणि जिवंतपणी ज्यांचा एकही फोटो निघाला नाही अशा म्हाताऱ्यांचे मिटलेले डोळे कॉम्प्युटरवर उघडून दिले. आता ज्याचा त्याचा मोबाइल आहे. माझ्या बायकोनं, साधनानं, तिच्या भावाशी परस्पर बोलून ठेवलं होतं, सोमवारपासून मी त्याच्या हार्डवेअरच्या दुकानात उभं राहायचं. तेवढ्यात अमरावतीकडच्या या नर्सरीच्या कॅटलॉगचं काम आलं. पसंत पडलं तर आसपासच्या नर्सऱ्याही मिळणार होत्या आणि स्टुडिओ वाचणार होता. म्हणून सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता.

हाताला चाळा म्हणून एक पान तोडून चुरगाळत होतो, तेव्हा ते फुलपाखरू आलं. काळ्या पंखांवर पिवळे ठिपके, खाली विटकरी डाग. माझ्यासारखंच अस्वस्थ. या कलमावर क्षणभर टेकायचं, शेपटाकडचा भाग वाकवायचं, लगेच पुढच्या कलमावर. मी मागे लागलो. गुडघे चिखलात, शर्ट काट्यात, पण बटण सोडलं नाही. एकदा तर ते थेट माझ्या अंगठ्यावर उतरलं. पाय आपटून आपटून त्यानं माझं कातडं चाचपलं. त्याची गुंडाळलेली सोंड दिसत होती, इतकं जवळ. मी श्वास घेतला नाही. पानाचा वास ओळखून ते आलं होतं आणि फसलं होतं, हे मला मागाहून कळलं. त्या क्षणी मला वाटलं, आपण उगाच आयुष्यभर लोकांना ‘हनुवटी वर करा’ म्हणत बसलो.

कॅमेरा घेऊन मी शेडकडे जवळजवळ पळतच गेलो.

‘हा मुखपृष्ठावर टाका, भाऊ!’

धर्मेंद्रभाऊंनी पहिला फोटो पाहिला. बोटानं बटण दाबून मोठा केला. कोवळ्या फुटीवर मोहरीएवढा पिवळट मणी होता.

‘हे काय हाय, मालूम हाय तुमाले? अंडं हाय हे. याची अळी आठ दिसांत कलम बोडखं करते. अन हे मी मुखपृष्ठावर छापू? गिऱ्हाईक म्हणन, याची नर्सरी किडली.’

‘मला माहीत नव्हतं...’

‘तुमी त्या फुलपाखराच्या मांगं मांगं फिरले, अन हाकललंबी नाही! राहू द्या आता. पुतण्या काढन मोबाइलवर.’

मी बाहेर येऊन साधनाला फोन केला. ‘तुझ्या दादाला सांग, सोमवारी येतो.’ ती ‘बरं’ म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘तुमीच काय फोटोवाले?’ दुर्गाबाई समोर उभ्या होत्या. वीस वर्षांपासून या नर्सरीतल्या अळ्या हातानं वेचायचं काम त्यांच्याकडे. ‘ते फुलपाखरू कुठं कुठं बसलं ते दाखवा. किती फोटो हायेत?’

‘बावीस.’

प्रत्येक जागा मला पाठ होती. मी कलम दाखवायचो, त्या फोटोत बघायच्या, मग ती फूट शोधून अंडं अंगठ्यानं चिरडायच्या आणि लुगड्याला हात पुसायच्या. सातव्या फोटोला थांबल्या. कॅमेरा डोळ्यांजवळ नेला.

‘इतक्या वर्सांत याच्या हजारो अळ्या मारल्या असतील मी. पण याचं तोंड कधी असं पाह्यलं नवतं. डोये पाहा न कसे हायेत.’

‘सुंदर आहे ना?’ मी उतावीळपणे विचारलं. दिवसभरात कोणीतरी एवढं म्हणावं असं मला फार वाटत होतं.

‘लय,’ दुर्गाबाई म्हणाल्या आणि सातवं अंडं चिरडलं.

एकविसावं झालं तेव्हा ऊन उतरलं होतं. बाविसावा फोटो मी कॅमेऱ्यात पुढे आणला. वाकलेलं अंग, पंखांतून आरपार आलेला उजेड, आणि फुटीच्या टोकाला नुकताच टेकवलेला ओला मणी. असा फोटो मी जन्मात काढला नव्हता. कलम आमच्यापासून दोन पावलांवर होतं.

‘अन बाविसावा?’

उद्या सकाळी दुर्गाबाई ही रांग पुन्हा तपासणार, हे मला ठाऊक होतं.

‘तो हाललाय, बाई. काही दिसत नाही त्यात.’

हाललेला फोटो चांगला आहे म्हणून मी आजवर हजारदा गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला होता. चांगल्या फोटोला हाललेला म्हणायची ही पहिलीच वेळ. दुर्गाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या कलमाकडे पाहिलं, आणि पाण्याचा पाइप उचलून पुढच्या रांगेकडे गेल्या.