जेवलेला चेहरा

माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करायचं आणि उरलेलं हसण्यावारी न्यायचं, ही आमच्या घरची जुनी रीत. तुम्हीही खुशाल वजाबाकी करा. फक्त धाकट्या भाच्याच्या बाबतीत हात जरा आखडता घ्या, कारण त्यात मी पदरचं फार थोडं घातलं आहे.

ताईला दोन मुलगे. धाकट्याला मिसरूड फुटलं, तसा तो मोटारसायकलच्या हट्टावरून बापाशी भांडला आणि घर सोडून गेला. पुढे बाप वारला, तरी याचा पत्ता नाही. दाराची कडी वाजली की ताई हातातलं टाकून उठायची. डोळे मिटायच्या आत पोरगा दारात दिसावा, एवढंच तिचं मागणं होतं.

थोरला चित्रं काढणाऱ्या यंत्राच्या कंपनीत लागला होता. स्वतः रेघ ओढत नसे; यंत्राने काढलेली चित्रं तपासायचा. पडद्यावर शेजारी शेजारी दोन चित्रं यायची. बरं वाटेल त्यावर बोट ठेवायचं, की पुढची दोन हजर. आधीच्या आवृत्तीने एका नवरीच्या हाताला इतकी बोटं काढली होती, की अंगठी कुठल्या बोटात घालावी या काळजीने नवरदेव चित्रातून पळून गेला. हे पाहिजे तर वजा करा.

"चित्र खरं आहे का, ते आम्ही बघत नाही," थोरला सांगायचा. "खरं वाटतं का, एवढंच बघतो."

मग नवी आवृत्ती आली. अजून बाजारात गेली नव्हती, आणि तपासणाऱ्यांना घरी बसून वाट्टेल ते काढून बघायची मुभा होती. थोरल्याने यंत्राला धाकट्याचा जुना फोटो दिला, वय वाढवायला सांगितलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ताईपुढे सरकवला. ऑफिसातली सवयच ती. दोन चेहरे आले. एक सुकलेला, गाल बसलेले. दुसरा जरा भरलेला. ताईने चष्मा पुसला आणि दुसऱ्यावर बोट ठेवलं.

"हा जेवलेला दिसतोय," ती म्हणाली.

थोरल्याने तोच चेहरा यंत्राला परत दिला. पुन्हा दोन आले, पुन्हा तिने त्यातला जास्त जेवलेला उचलला. गॅसवर दूध उतू जाऊन करपलं, तरी मायलेक जागचे हलले नाहीत. दर खेपेला धाकटा अंगाने भरत गेला, कपाळावरची आठी गेली, अंगात चांगल्यापैकी स्वेटर आला. शेवटी पडद्यावर एक गृहस्थ अवतरले: कानशिलांवर करडे केस, हनुवटीखाली दुसरी हनुवटी, नजरेत पोटभर झोप. मी म्हटलं, हा धाकटा नव्हे, धाकट्याचा सासरा शोभतो. ताई हसली नाही. ती पडद्यावरच्या गालावरून बोटं फिरवत होती.

नवी आवृत्ती एकदम पास, असं थोरल्याने ऑफिसात सांगून टाकलं. आणि त्याच चेहऱ्याची पोस्टरं छापून गावोगावच्या बसस्टँडांवर, दवाखान्यांत, खांबांवर लावली. चेहऱ्याखाली ताईचा फोन नंबर आणि ओळखीच्या सगळ्या खुणा: डाव्या गुडघ्यावर टाक्यांचा व्रण, वाकडा अंगठा, लहानपणी मांजराला 'मास्तर' म्हणायचा. मी म्हटलं, अरे, कुलपाशेजारी किल्लीपण कशाला टांगता? त्यांनी निम्मं वजा केलं आणि बाकीच्यावर हसले.

झालं. तो चेहरा इतका झकास होता, की गल्लीगल्लीत तसा एक माणूस निघाला. एका विमा एजंटाला लोकांनी इतक्या वेळा धरून आणलं, की शेवटी त्याने दाढी वाढवली. मग तोतयांची रीघ लागली. सगळ्यांचे अंगठे वाकडे, सगळ्यांना मांजराचं नाव पाठ. एकाच्या गुडघ्यावरचा व्रण तर इतका ताजा, की पँटीतून रक्त झिरपत होतं. ताईने त्याला पट्टी बांधली आणि जेवायला वाढलं. पण फसून फसून तिचं मन निबर झालं. गुडघा, अंगठा, मास्तर, काही विचारेनाशी झाली. पोस्टर हातात घ्यायची आणि फक्त चेहरा बघायची.

अशात एका दुपारी तो आला.

मी बाहेरच्या खोलीत बसून शेजारणीला माझी आणि देवमाशाची गोष्ट ऐकवत होतो. दारात काडीसारखा माणूस उभा. पुढचे दात गेलेले, एक गाल भाजून आकसलेला. काचेच्या भट्टीवर आयुष्य गेलं होतं त्याचं. बसस्टँडवर त्याने पोस्टर पाहिलं होतं. चेहरा भलत्याचाच, पण नंबर आपल्या घरचा.

"मामा," तो म्हणाला, "अजून थापा ठोकतोसच का रे?"

अंधारात आपली चप्पल पायाला कळते, तसं मला कळलं. मी ओरडून ताईला बोलावलं. ती पोस्टर घेऊनच आली. पोस्टर बघितलं, त्याला बघितलं, पुन्हा पोस्टर बघितलं. तो पँट वर सरकवायला लागला.

"राहू द्या," ताई हळूच म्हणाली.

त्याने मास्तरचं नाव घेतलं. ते सगळ्यांनाच माहीत असतं, ती म्हणाली. मग त्याच्या हातांकडे बघून तिला कणव आली असावी.

"बसा. लांबून आलेले दिसता. दोन घास खाऊन जा."

बसा! पोटच्या पोराला. जन्मभर मी नाही नाही त्या थापा पचवल्या, पण तो शब्द माझ्या घशाखाली उतरेना.

थोरल्याला फोन करून बोलावून घेतलं. तो दारात उभा राहून भावाकडे बघतच राहिला. मी त्याला जिन्यात ओढलं आणि गाढवा, तुझा सख्खा भाऊ आहे, असं दरडावलं.

"मामा, मला त्याचा खरा चेहरा आठवतच नाही आता," तो म्हणाला. "डोळे मिटले की पोस्टरवरचाच येतो. आणि आईच नाही म्हणतेय, तर मी कुठल्या तोंडाने हो म्हणू?"

धाकटा जेवला, आपलं ताट घासून उपडं घातलं आणि येतो म्हणाला. ताई दारापर्यंत गेली.

"कुठे दिसला तो, तर कळवाल ना?"

"कळवतो," तो म्हणाला.

मालधक्क्यामागे त्याने खोली घेतली. मी दुपारचा जाऊन बसायचो. ताईला परोपरीने सांगितलं, पण तिने सगळंच्या सगळं वजा केलं. एकदा कंटाळून मी म्हटलं, पोस्टरवरचा तो दूरच्या शहरात दिसला होता एकाला, बरं चाललंय त्याचं. ते मात्र तिने चवीने, घास घास करून ऐकलं. मग दर भेटीला तीच विचारणा. त्यामुळे भाचा आणि मी मिळून थापा रचायला लागलो.

"सांग, त्याला चष्मा लागला," तो सुचवायचा. "दोन मुलं आहेत म्हण. थोरली मुलगी. हट्टी आहे, बापावर गेलीय." आणि हसता हसता खोकायचा. काचेची भुकटी छातीत बसली होती.

खोकला थांबेना, तेव्हा मी म्हटलं, आता ताईला हाताला धरून इथे आणतो. त्याने माझं मनगट पकडलं.

"नको. ती मला पुन्हा 'तुम्ही' म्हणेल." बराच वेळ धाप लागली. "त्या पोस्टरवरच्याला जप, मामा. त्याला काही होऊ देऊ नकोस."

पुढच्या खेपेला खोलीला बाहेरून कडी होती. स्मशानात आम्ही चार जण, त्यातले दोघे तिथलेच कामगार.

तिथून मी सरळ ताईकडे गेलो. आता काय ते स्पष्ट सांगायचंच, असं ठरवून गेलो. थोरला पलीकडे बसून आणखी नव्या आवृत्तीची चित्रं निवडत होता. मी चप्पल काढायच्या आतच ताईने विचारलं, "काय म्हणतोय तो?"

मी बसलो. पाणी मागितलं.

"घर बदललं त्याने," मी म्हणालो. "मोठं घेतलंय. दोन गॅलऱ्या आहेत."

"ऊन येतं का?"

"सकाळचं येतं."

"मग बरं," ताई म्हणाली, आणि माझ्यासाठी पाणी आणायला उठली.