ऑगस्टीनच्या नावापुढची चांदणी

मित्रांनो, मी वसईकडच्या गास गावातल्या फुलबागाईतदार सोसायटीचा जुना संगणक आहे. एके काळी माझ्या पोटात एक मेलेला माणूस राहायचा. सभ्य होता. जिवंतांपेक्षा त्याचा त्रास कमी.

माझा जन्म मुंबईतल्या एका पोटमाळ्यावर, सुट्या भागांच्या ढिगात झाला. शहाऐंशी साली गॅब्रिएल नावाच्या शिकलेल्या तरुणाने मला गोधडीत गुंडाळून नालासोपारा स्टेशनवरून टांग्याने गासला आणलं. टांगेवाल्याने हळूच विचारलं, "पेशंट सिरियस आहे का?"

सोसायटीच्या कचेरीत मला टेबल मिळालं, विजेचे झटके सोसायला स्टॅबिलायझर मिळाला, आणि आशीर्वाद द्यायला फादर आले. त्यांनी पवित्र पाणी शिंपडायला हात उचलताच गॅब्रिएलने माझ्यावर छत्री उघडली.

"देवाचं पाणी आहे रे!" फादर म्हणाले.

"पण आतली वीज सरकारची आहे, फादर."

शेवटी आशीर्वाद छत्रीला मिळाला. ती पुढे कधीच हरवली नाही.

मग गॅब्रिएल कामाला बसला. एक काळी फ्लॉपी मला जागं करायला, दुसरी नावं साठवायला. जाग आली की माझ्या पडद्यावर एक टिंब उमटायचं आणि मी हुकमाची वाट बघायचो. त्याने माझ्यात रकाने आखले: सभासदाचं नाव, आळी, फुलाचा प्रकार. नंबराचा रकाना केला नाही. ज्या क्रमाने नाव, तोच नंबर. आणि माणूस गेला तर त्याच्या मागे कोण, हा रकानाही केला नाही. पंचविशीतला पोरगा, मरण त्याला सुचलंच नाही.

रोज संध्याकाळी प्रिंटर करकरत नंबराच्या चिठ्ठ्या छापायचा आणि त्या दारातल्या खिळ्याला टांगल्या जायच्या. फुलांच्या करंडीला चिठ्ठी बांधली, की सकाळच्या टेम्पोत जागा पक्की. चिठ्ठी नाही, तर फुलं घरीच सुकणार. लोक माझं कौतुक करायचे. एका आजीने तर मला हार घातला होता.

यादीत शेवटचं नाव ऑगस्टीनचं. शेवंती लावणारा, चाळिशीतला माणूस. पावसाळा सरता सरता तो काविळीने गेला. सोसायटीचे चेअरमन आलोशियस म्हणाले, "गॅब्रिएल, त्याचं नाव काढ." गॅब्रिएलने हुकूम दिला, डिलीट.

मित्रांनो, आमच्यात डिलीट म्हटल्याने कुणी जात नाही. नावापुढे नुसती एक चांदणी उमटते. चांदणीवाल्याला छापू नकोस, हे मला वेगळं सांगावं लागतं. गॅब्रिएल ते विसरला. संध्याकाळी सगळ्या चिठ्ठ्या छापून झाल्या आणि प्रिंटर थांबला नाही. त्याने आणखी एक चिठ्ठी काढली. ऑगस्टीनची.

सकाळी खिळ्यावर ती नव्हती. कचेरीच्या पायरीवर, धुक्यात, पांढऱ्या शेवंतीची करंडी ठेवलेली होती आणि तिला ती चिठ्ठी बांधलेली होती.

दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही.

आमच्या ख्रिस्ती गावात नोव्हेंबर म्हणजे मृतांचा महिना. गावात कुणी मोठ्याने बोलेना. टेम्पोवाला हिलरी ती करंडी मागे चढवायला तयार नव्हता. "मेलेल्याला मागे कोंबायचं? शोभत नाही," म्हणत त्याने तिला पुढच्या सीटवर बसवलं. मग लोक करंडीशी बोलू लागले. एक म्हातारा वाकून म्हणाला, "ऑगस्टीन, माझ्या आईला सांग, विहिरीचं पाणी गोड झालंय." मी आतून ऐकत होतो. चांदणीमागे तो निमूट बसलेला होता, ना गेलेला, ना राहिलेला. संध्याकाळी त्याच्या नावापाशी पोचलो की माझाही पंखा अडखळायचा.

शेवटी गॅब्रिएलने यादी पडद्यावर उघडली. चांदणी पाहून त्याने कपाळावर हात मारला. "काका, भूत नाही. माझा एक हुकूम द्यायचा राहिला."

"मग फुलं कोण पाठवतं?" आलोशियसनी विचारलं.

"मी," दारातून आवाज आला. ऑगस्टीनची बायको हिल्डा उभी होती, हात दवाने ओले. "चिठ्ठी निघत होती, मी बांधत होते. दोन पोरं आहेत. फुलं घरात सुकवून काय खायचं? माझं नाव लिहा."

"बाई सभासद? आजवर झाली नाही, हिल्डा."

"महिनाभर मेलेल्याची फुलं घेतलीत. जिवंत बाईची घ्यायला काय होतं?"

"मेलेला मीटिंगला येत नाही," आलोशियस गंभीरपणे म्हणाले. मग त्यांना एक कल्पना सुचली. "गॅब्रिएल, त्यालाच परत आणता येतं का?"

"येतं. रिकॉल म्हटलं की चांदणी जाते."

"मग तसंच कर. ऑगस्टीन चालू राहू दे. फुलं तूच पाठव, हिल्डा. कुणाला काही कळणार नाही."

हिल्डा माझ्यासमोर आली. तिचा श्वास माझ्या काचेवर उमटला. नवऱ्याचं नाव तिने बोटाने शोधलं आणि बोट तिथेच ठेवलं. मला वाटलं, आता ती हो म्हणणार.

"नको," ती म्हणाली. "फार दमून गेलाय तो. त्याला आता कामाला लावू नका."

टेम्पो भरायला आलेला हिलरी खाकरला. "काका, मार्केटात पहिली तीच करंडी उचलतात."

आलोशियसनी डोक्यावरची टोपी काढली. "लिही रे. पण मीटिंगला मागे बसायचं."

"पुढे बसेन."

गॅब्रिएलने यादीच्या शेवटी, ऑगस्टीनच्या खाली, तिचं नाव टाइप केलं. मग त्याने पॅक हा शब्द लिहिला. या हुकमाने चांदणीवाले कायमचे जातात. तो म्हणाला, "मावशी, ही कळ दाबली की झालं." हिल्डाने कपाळाला हात लावून क्रुसाची खूण केली आणि स्वतः कळ दाबली.

माझ्या आत खूप वेळ घरघर झाली. मी ऑगस्टीनला शोधलं. तो नव्हता. त्याच्या मागचं नाव एक पायरी पुढे सरकून त्याच्या जागी उभं होतं, त्याच्याच नंबरावर. ते हिल्डाचं होतं.

मित्रांनो, आता मी कपाटावर असतो. धूळ पुसायलाही कुणी येत नाही, आणि त्याचं मला दुःख नाही. एवढंच मागतो. माणूस गेला, की त्याच्या मागे राहिलेल्याला आधी लिहा. पुसायचं नंतर बघा.