सत्तेचाळीस टक्क्यांवरचा पहारा

सुभेदार लालासाहेब रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, पण उंब्रजच्या त्यांच्या घरावरचा पहारा काही उठला नव्हता. फाटकाला कड्या दोन, अंगणात कुत्री दोन आणि कॉम्प्युटरमध्ये अँटिव्हायरसही दोन. पहिला कॉम्प्युटरबरोबरच आला होता. दुसरा त्यांनी मागच्या गुरुवारी आपल्या हातानं टाकला आणि कुणाला सांगितलं नाही. चौकीवर एकटा शिपाई उभा केला की तो पेंगतो, हे त्यांनी सव्वीस वर्षं बघितलं होतं.

शुक्रवारपासून कॉम्प्युटर अडकला.

अडकला तोही नेमका 'गोळी'वर. 'गोळी' हा पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीनं, शिवांजलीनं, बनवून दिलेला लहानसा प्रोग्राम. सकाळी आठला त्यातून अंजनाबाईंचा आवाज यायचा, "आवं, बीपीची गोळी घेतली का?" खाली दोन बटणं, 'घेतली' आणि 'नाही'. दाबलं की पुण्यात अंजनाबाईंच्या मोबाइलवर उत्तर उमटायचं. बाई नातवाला सांभाळायला चार महिन्यांसाठी गेल्या होत्या. त्याला आता दीड वर्ष झालं. प्रोग्राम आला आणि त्यांचा सकाळचा फोन बंद झाला. काम परस्पर होतंय म्हटल्यावर कोण फोन करतं? सुभेदारही करत नसत. आपण होऊन फोन लावायला त्यांना कारण लागे, आणि प्रकृती ठणठणीत असल्यामुळं कारण काही सापडत नसे.

आता अँटिव्हायरस 'गोळी' तपासायला घ्यायचा, सत्तेचाळीस टक्क्यांवर यायचा आणि थिजायचा. माउसचा बाणसुद्धा हलेना. सुभेदारांनी कॉम्प्युटर चार वेळा बंद करून चालू केला. एकदा दिवसभर तसाच सोडला, कंटाळून तरी पुढं सरकेल म्हणून. सत्तेचाळीस.

गोळी ते न चुकता घेत होते. त्यांची मोजदाद वेगळ्याच गोष्टीची चालली होती. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. चार सकाळी पुण्याला उत्तर गेलं नव्हतं, आणि कोनाड्यातला मोबाइल एकदाही वाजला नव्हता. माणूस हाय का गेलं, एवढं तरी विचारावं! मोबाइलच बिघडला असेल म्हणून त्यांनी शनिवारी भावकीतल्या इंद्रजितला मिस्ड कॉल द्यायला लावला. वाजला की. चांगला खणखणीत वाजला.

मंगळवारी सकाळी सातलाच दुरुस्तीवाला बिरदेव आला.

"काय नवीन टाकलं का, सुभेदार, ह्यात?"

"छ्या! मी कशाला टाकतोय?"

बिरदेवनं मशीन कमीत कमी सामानावर चालू केलं आणि यादी उघडली. "मग ह्यो निळ्या ढालीचा दुसरा अँटिव्हायरस कुणी आणला? भुतानं?"

सुभेदार खाकरले. "एक झोपला तर दुसरा जागा असावा, म्हणून..."

"झोपत्यात कुठलं! दोघंबी जागं हायती, त्येचाच तर घोळ हाय. ह्यो म्हणतोय, त्यो फाइल सोडंल तवा मी बघतो. त्यो म्हणतोय, आधी ह्यो सोडू दे. बसल्यात एकमेकाच्या तोंडाकडं बघत."

"पण प्रोग्रामात खोट न्हाई ना रं?"

"आजाबात न्हाई. घरी केलेला हाय, कंपनीचं नाव न्हाई, म्हणून संशय खात्यात. कुठला ठेवू?"

"जुना ठेव," सुभेदार लगेच म्हणाले.

बिरदेवनं निळी ढाल काढली, मशीन परत चालू केलं आणि 'गोळी'चं नाव हिरव्या ढालीच्या भरवशाच्या यादीत घातलं. तेवढ्या वेळात त्याच्या खिशातला फोन सात वेळा वाजला. सुभेदारांनी मोजलं.

"चहा घे की."

"नको. फोनवर फोन यायल्यात. काकी बोलतील आता आठला."

आठला बोलल्या. "आवं, बीपीची गोळी घेतली का?"

गोळी कधीच पोटात गेली होती. सुभेदारांनी बाण 'घेतली'वर नेला आणि थांबले. मग त्यांनी आयुष्यातला पहिला खोटा रिपोर्ट दिला. 'नाही' दाबलं.

कोनाड्यापर्यंत पोचायच्या आत मोबाइल वाजला.

"का घेतली न्हाई ओ?"

"घेतो. चार दिवस माझं उत्तर न्हाई, तुला फोन करावा वाटला न्हाई व्हय?"

"मी कशाला? मला वाटलं, तुमीच रुसलाय. म्हटलं, बघू तरी कवा करत्यात. चार रात्री उशाखाली घिऊन निजले मोबाइल."

सुभेदारांना बोलायचं होतं. तोवर पलीकडून नातवाचं रडणं ऐकू आलं.

"पोरगं उठलं. गोळी घ्या आधी. ठेवते."

फोन बंद. घर पुन्हा गप्प झालं. दोन्ही कुत्री उन्हात पसरली होती. सुभेदार मोबाइल हातात घेऊन उभे राहिले. गोळी घेतली, हे आता तिला सांगायला हवं. म्हणजे कारण तर होतं.

त्यांनी नंबर लावला. बिझी.

त्यांनी मोबाइल खाली ठेवला. तीच इकडं लावत असली तर लाइन मोकळी नको का? मग वाटलं, तीही असंच म्हणून ठेवून बसली असली तर?

त्यांनी परत लावला.