सहा दहाची बाई

मी आयुष्यात एकच खोटं बोलले असं म्हणाले, तर तेही खोटंच होईल. टेलिफोन एक्सचेंजमध्ये एकतीस वर्षं काढलेली बाई मी. "लाइन बिझी आहे" हे किती वेळा उगाच सांगितलं असेल, विचारू नका. त्या खोट्यांची मला कधी लाज वाटली नाही. हे एक मात्र आठवलं की चारचौघांत बसलेली असले तरी माझी मान खाली जाते, आणि शेजारची विचारते, काय हो, बरं वाटत नाही का?

प्रकरण रेडिओचं. दादाला आणि मला लहानपणापासून एक विचित्र नाद आहे. लोक रेडिओवर गाणी ऐकतात, बातम्या ऐकतात. आम्ही शॉर्टवेव्हवर लांबलांबच्या देशांच्या सैन्यांची स्टेशनं ऐकतो. एखादं युद्धजहाज किनाऱ्याला हाका मारत असतं, एखाद्या तळावरून लष्करी विमानांना हवामान सांगत असतात, कोणी नुसते आकडेच वाचत असतं, पाच-पाचच्या गटांनी. त्यातलं आम्हाला ओ की ठो कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नसतं. आम्हाला नऊ भाषांत आकडे येतात, पण त्यातल्या एकाही भाषेत पाणी मागता येणार नाही. वहिनी म्हणते, "दुसऱ्याच्या घरातलं भांडण भिंतीला कान लावून ऐकावं तसलं तुमचं हे. वर भांडण कशावरून तेही कळत नाही." असेना का. हजारो मैलांवरचा एक माणूस घसा खाकरतो आणि तो तुम्हाला तुमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. ज्याला यात काही वाटत नाही त्याला समजावून उपयोग नाही.

नाद लावला बाबांनी. त्यांचा नियम एकच होता: ऐकलं तेवढंच वहीत लिहायचं. वाटलं ते नाही, असावं ते नाही. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, काय ऐकलं, किती स्वच्छ. काहीच आलं नाही तर "काही नाही" असं लिहायचं, ओळ कोरी सोडायची नाही. बाबा गेले, आम्ही दोघं साठी ओलांडून बसलो, तरी रोज सकाळी सातला दादाचा फोन यायचा: "चिमणे, वाच वही." मी माझी वाचायची, मग तो त्याची. तीस वर्षं. कोणी कोणाची वही उघडून बघितली नाही. तशी वेळच कधी आली नाही.

दादा इंजिनमिस्त्री. त्याचं नाव आहे ते कानासाठी. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "तिसऱ्या सिलिंडरमध्ये बघ." उघडलं की दुखणं तिसऱ्यातच निघायचं. ड्रायव्हर लोक त्याला कानमिस्त्री म्हणतात. आणि मी नुसत्या "हॅलो"वरून माणूस ओळखणारी. तेव्हा आमच्यात कानावरून चुरस होती, ते लपवण्यात काही अर्थ नाही.

झालं असं, की माझ्या इमारतीत नवी लिफ्ट बसली. ती हलली की रेडिओत घरघर सुरू. जोडीला जिन्यातले नवे दिवे. दोन महिने माझ्या वहीत काही नाही, काही नाही, काही नाही. आणि दादाने एका आठवड्यात तीन नवी स्टेशनं पकडली: एक जहाज, एक हवाई तळ, एक बर्फातली चौकी. बुधवारी मी पुन्हा "काही नाही" म्हटलं तेव्हा तो हसला.

"लिफ्टला कशाला बोल लावतेस? नाचता येईना अंगण वाकडं. कानातला मळ काढून घे, चिमणे."

थट्टाच होती. जन्मभर तो माझी अशीच थट्टा करत आलाय आणि मीही काही कमी केलेली नाही. पण त्या दिवशी मी आधीच तापलेली होते, आणि माझ्या जिभेला हाड नाही हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

"थांब, पूर्ण वाचलं कुठे मी," मी म्हणाले. "सहा दहा. सहा हजार सातशे बत्तीस. बाई आहे. आकडे वाचत होती."

"बाई?" दादाचा आवाजच बदलला. "लष्करी फ्रिक्वेन्सीवर?"

"हो. थकलेली वाटली. मधेच खोकते."

खोकला मी कशाला घातला कोण जाणे. खरं वाटावं म्हणून असेल. फोन ठेवल्यावर मला हसूच आलं. म्हटलं, जिरू दे त्याची दोन दिवस, मग सांगू.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मला नाही मिळाली. तुला?"

तिथेच सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. हसला असता, चार शिव्या दिल्या असत्या, संपलं असतं. मी म्हणाले, "मिळाली की. चारचा आकडा वाचला आणि खोकली." आणि नुसतं म्हणाले नाही, वहीत शाईने लिहिलंही, आदल्या दिवसासकट. बाबांचा नियम शिकलेल्या हाताने.

मग दादा हात धुऊन त्या बाईच्या मागे लागला. पाचला उठायला लागला. अंगणात नवी तार ताणली, ती पुरेना म्हणून वहिनीची कपडे वाळत घालायची तार काढली. वहिनीने मला फोन करून सांगितलं, "माझ्या साड्या खुर्च्यांवर वाळताहेत, आणि हे तारेखाली कान टवकारून बसलेत. कोण ही बाई, मलाही भेटवा एकदा." आम्ही दोघी पोट धरून हसलो. मीसुद्धा हसले, हे सांगायलाच हवं.

रोज सातला तेच. "आज?" "आजपण होती." "स्वच्छ?" "चांगली स्वच्छ." "हं." तो हं दिवसेंदिवस लहान होत गेला. मला कळत होतं. तुम्ही म्हणाल, बाई बंद झाली असं सांगून मोकळी का झाली नाहीस? रोज रात्री तसं ठरवायचे. पण सकाळी तो विचारायचा, "चिमणे, तू डायल कशी फिरवतेस? आकड्याच्या वरून खाली येतेस का खालून वर?" मला कान साफ करायला सांगणारा माझा मोठा भाऊ मला विचारून डायल फिरवत होता. ते मला आवडत होतं. सहा आठवडे मला ते रोज आवडलं. लाज वाटते ती याची. खोट्याची त्यामानाने कमीच.

मग एका गुरुवारी दुपारी वहिनीचा फोन आला. या वेळी ती हसत नव्हती.

"गॅरेज देऊन टाकताहेत. रविवारी किल्ली द्यायची ठरलीय."

"का?"

"कान गेले म्हणतात."

"डॉक्टरला दाखवलं का?"

"दाखवलं. डॉक्टर म्हणाला, साठीनंतर थोडं कमी व्हायचंच, काळजीचं काही नाही. ह्यांनी पहिलं अर्धंच धरून ठेवलंय. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावतात आणि तसाच खाली ठेवतात. ऐकू येतं, पण त्यावर भरवसा नाही म्हणे. म्हणतात, चिमणीला लिफ्टच्या घरघरीतून जी बाई रोज ऐकू येते, ती मला मोकळ्या अंगणात नवी तार लावून येत नाही. मग इंजिनातलं जे ऐकू येतं तेच खरं कशावरून? उद्या माझ्या कानाच्या भरवशावर एखाद्या बसचा ब्रेक निकामी झाला तर?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहिनी पुढे म्हणाली, "तुम्ही समजवा हो त्यांना. तुमचं ऐकतील." मी "हो" म्हणाले.

शुक्रवारी सातला फोन वाजला, मी उचलला नाही. पहिल्या बसने निघाले. वाटभर वाक्य घोकत होते. दादा, मी खोटं बोलले. दादा, गंमत केली होती. छे, गंमत हा शब्द नको. पुन्हा पहिल्यापासून.

गॅरेजचं शटर अर्धंच वर होतं. आतली हत्यारं वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांत भरलेली. फक्त तो लांब स्क्रू ड्रायव्हर खिळ्याला लटकत होता. दारात शाळेची एक बस उभी होती आणि तिचा ड्रायव्हर दादाची मनधरणी करत होता. "मिस्त्री, कसला तरी आवाज येतोय. नुसता कान तरी लावा."

"मोठ्या गॅरेजात ने. तिथे कॉम्प्युटर लावून बघतात," दादा म्हणाला. मग त्याने मला पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत तोच बोलला. "सकाळी फोन उचलला नाहीस. बरं झालं आलीस. आज मिळाली ती."

"कोण?"

"तुझी बाई. सहा दहाला. चार वाचल्यावर खोकली, तू म्हणतेस तशीच." हे तो हातातल्या फडक्याकडे बघून म्हणाला.

खरंच असेल का कुणी? आणि त्याच्या पाठोपाठ, देवाशपथ सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. त्याला ऐकू आलं ना? मग झालं तर. आता काही सांगायची गरज नाही. मी इतकी नीच आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

"मग गॅरेज कशाला देतोस?" मी विचारलं.

"ते ठरलं आता," तो म्हणाला आणि चहा सांगायला कोपऱ्यावरच्या टपरीवर गेला.

बाकावर त्याच्या चष्म्याशेजारी वही होती. तीस वर्षांत जे केलं नव्हतं ते मी केलं. उघडली. पानभर एकच मजकूर, तारीख तेवढी वेगळी. सहा दहा, ६७३२, बाई, काही नाही. सहा दहा, ६७३२, बाई, काही नाही. पान उलटलं, तिकडेही तेच. मी बोट ठेवून मोजलं. चव्वेचाळीस ओळी. शेवटची आजची. तिथेही "काही नाही", पेन इतकं दाबून की कागद मागून वर आला होता.

म्हणजे तो माझ्याशी तोंडाने खोटं बोलला होता. धाकट्या बहिणीने आपली कीव करू नये म्हणून, आपला मोठा भाऊ बहिरा होऊन घरी बसला असं तिला वाटू नये म्हणून. पण वहीत त्याच्या हाताला ते जमलं नव्हतं. माझ्या वहीतही चव्वेचाळीसच ओळी होत्या, आणि सगळ्या सुंदर अक्षरात.

तो दोन ग्लास घेऊन आला. मी घोकलेलं सगळं विसरले.

"दादा, ती बाई नाहीये. कधीच नव्हती. मी रचली."

"असं काय करतेस? मी आज ऐकली म्हणालो ना."

"नाही ऐकलीस. तू लिहिलंयस."

त्याने उघड्या वहीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा लाल झाला. खोटारडी मी आणि शरमला तो. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मी आजवर फक्त म्हणायचे. त्या वेळी मी खरंच खाली बघितलं. ऑइलने काळी झालेली फरशी होती.

"सगळे दिवस?" त्याने विचारलं.

"सगळे."

"खोकलासुद्धा?"

"खोकलासुद्धा."

त्याने ग्लास बाकावर ठेवले. वही मिटली. मग खिळ्यावरचा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "चालू कर." बॉनेट उघडलं, टोक टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. एकदा जागा बदलली, पुन्हा ऐकलं.

"पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलंय," तो म्हणाला. "सोमवारी आण, बदलून देतो."

"सोमवारी? तुम्ही तर रविवारी..."

"सोमवारी आण."

माझे डोळे भरून आले. "दादा," मी म्हणाले.

"चहा पी, निवतोय." मी प्यायले. तो एक-एक पाना वर्तमानपत्रातून सोडवून भिंतीवर लावत होता. मी निघताना तो हात पुसत दारापर्यंत आला आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाला, "मी रागावलो नाही, चिमणे. पण सात वाजताचं ते आता राहू दे. तू वाचशील आणि मला विचार करावा लागेल, हे खरं असेल का. सकाळी सकाळी ते नको."

गॅरेज चालू आहे. वहिनीची तार तिला परत मिळाली. दादा माझ्याकडे येतो, जेवतो, माझ्या लिफ्टची टिंगलही करतो. परक्याला काही बदललंय असं वाटणार नाही. माझ्या वहीतल्या त्या चव्वेचाळीस ओळी मी खोडल्या नाहीत. खोडून त्या कोऱ्या होणार नाहीत.

रोज सातला मी वही घेऊन फोनपाशी बसते. साडेसातपर्यंत बसते. मग बाबांनी शिकवलं तसं, ऐकलं तेवढंच लिहिते. सात वाजता. दादा. काही नाही.