पेन्सिलच्या रेघा

शनिवारी दहाला मास्तर येणार आणि बाबा त्यांची दाढी स्वतःच करणार, म्हणून थोरली लेक सकाळपासून धास्तावली होती. सलून आता तीच चालवत होती. बाबांना हातभर अंतरावरचंही धूसर दिसायचं. पण जुन्या दोस्ताची मान दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची म्हटलं की म्हातारा हटून बसायचा.

आज तर त्यांनी आजोबांच्या वेळचा धारेचा दगड बाहेर काढला. पिढ्यान्‌पिढ्या वस्तारे घासून तो मध्ये खोलगट झाला होता.

“पेन्सिलने त्यावर रेघा मार आणि काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून त्यावर दगड घास,” बाबा म्हणाले. “सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट झाला. मला दिसत नाही, तू सांग.”

थोरली घासू लागली. काळपट पाणी मनगटापर्यंत आलं. कडेच्या रेघा गेल्या, मधल्या तशाच राहिल्या. तेवढ्यात तिला नको ती अक्कल सुचली. दगड खोलगटच राहिला तर वस्ताऱ्याला धार लागणार नाही, आणि बोथट वस्तारा कापणार तरी काय?

“गेल्या,” ती म्हणाली. बाबांनी त्याच दगडावर वस्तारा घासून घेतला.

मास्तर आले, फेस लावून घेऊन डोळे मिटून मागे रेलले. बाबांनी गालावरून वस्तारा ओढला. तो अडखळला. मास्तरांनी तोंड वाकडं केलं, तसा बाबांनी जोर वाढवला.

थोरलीला आपली चूक कळली. बोथट वस्तारा जोर मागतो आणि जोराचा हात घसरतो, हे ती स्वतः प्रत्येक शिकाऊ माणसाला बजावायची. भीतीपोटी नेमकं तेच विसरली होती. वस्तारा गळ्याकडे वळला. तिने झेप घेऊन बाबांचं मनगट धरलं.

“बाबा, थांबा! खोटं बोलले मी. मधल्या रेघा आहेत अजून.”

आता आभाळ फाटणार, असं तिला वाटलं. पण बाबांनी मनगट सोडवून घेतलं नाही.

“तीन शनिवार झाले,” ते हळूच म्हणाले, “कुणीतरी थांबवेल म्हणून वाट बघतोय. आपणहून वस्तारा खाली ठेवायची छाती होत नव्हती गं.”

“माझ्या मानेचं काय ते ठरवा बुवा लवकर,” मास्तर डोळे न उघडताच म्हणाले.

बाबांनी वस्तारा तिच्या हातात दिला. चाचपडत स्टूल गाठलं, काच मांडीवर घेतली आणि स्वतःच दगड घासायला लागले.

“रेघा गेल्या की सांग,” ते म्हणाले. “या वेळी खरं सांग. दाढी तुला करायचीय.”