टायरने दगा दिला नाही

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. जुना म्हणजे वयाने नव्हे. माझ्याबरोबर साच्यातून निघालेली भावंडं अजून रस्त्यांवर मजेत धावत असतील. मी मात्र ऐन उमेदीत झिजलो, तेही कामाने नव्हे, तर एका माणसाच्या नसत्या हौसेने. वर आळ आला तो माझ्यावर आणि एका निर्दोष बाईवर. त्याचा राग अजून माझ्या मनातून जात नाही.

रबर, काजळी आणि पोलादाच्या बारीक तारा यांतून माझा जन्म झाला. वेगवान गाड्यांसाठी मला मुद्दाम रुंद आणि मऊ घडवलं होतं. लालबागला एका नव्या टॉवरमध्ये उन्मेष नावाचा गृहस्थ राहतो. त्याने लाल रंगाची स्पोर्ट्स गाडी घेतली आणि तिच्या पुढच्या डाव्या चाकावर मला चढवलं.

गाडी वळणावर अजून चपळ व्हावी म्हणून उन्मेष ती शिवडीला वैशालीच्या गॅरेजमध्ये घेऊन गेला. वैशाली इंजिनिअर. शर्यतीच्या गाड्यांची अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कल आणि रोख जुळवणं, यात तिचं नाव होतं. उन्मेषची बायको मानसीही त्या दिवशी बरोबर होती. वैशालीने आधी विचारलं, "गाडी कोण कोण चालवतं? आणि कुठे?"

"ट्रॅकवर मी, कधीमधी. बाकी मुंबईतच. ही पण चालवते," उन्मेष म्हणाला.

"मग दोन्ही सांभाळून करू," वैशाली म्हणाली. तिने उन्मेषला स्टिअरिंगमागे बसवलं, कारण माणसाच्या वजनानेही चाकांचा कल बदलतो. मग तिने मापं घेतली. मित्रांनो, जोरात वळताना गाडी बाहेरच्या बाजूला कलते आणि टायरही कडेवर जातो. चाकाचा माथा आधीच किंचित आत झुकवून ठेवला, तर ऐन वळणात टायर रस्त्यावर सपाट बसतो. वैशालीने तेवढंच केलं. किंचित. चाकांची तोंडं, म्हणजे धावायची दिशा, मात्र जवळजवळ सरळ ठेवली.

ते माझे सुखाचे दिवस होते! ट्रॅकवर वळणामागून वळण यायचं आणि मी अंगभर रस्ता धरून ठेवायचो. उन्मेष खाली उतरून मला थोपटायचा. "काय पकड आहे, वा!" म्हणायचा. त्या कौतुकावर मी भाळलो होतो.

पुढे उन्मेषने त्याच्या यशोधन नावाच्या मित्राची गाडी पाहिली. ती जमिनीला टेकेल इतकी खाली बसवलेली होती आणि तिची चाकं समोरून फेंगडी दिसत. झालं! उन्मेष पुन्हा शिवडीला हजर झाला. "मॅडम, अशीच झुकवून द्या. फोटोत जबरदस्त दिसते."

"फोटोसाठी नाही करणार मी," वैशाली म्हणाली. "सरळ रस्त्यावर टायर नुसत्या आतल्या कडेवर चालेल. ऐन वेळी ब्रेक नीट लागणार नाही."

"तुम्ही उगाच घाबरवता," असं म्हणून तो दुसरीकडे गेला. तिथे कुणी काही विचारलं नाही, कुणी काही मोजलं नाही. गाडी खाली बसवली, आमचे माथे आत ढकलले आणि आमची तोंडं बाहेरच्या बाजूला फाकलेलीच ठेवली.

पावलं बाहेर फाकवून, टाचांच्या आतल्या कडांवर दिवसभर चालून बघा, म्हणजे माझे हाल कळतील. माझी एवढी रुंद छाती हवेत, आणि सगळा भार आतल्या एका चिंचोळ्या पट्टीवर. पुढे धावता धावता मी घासला जात होतो. वर चेष्टा अशी, की फोटोसाठी उन्मेष माझी बाहेरची बाजू पॉलिश लावून चकचकीत करायचा. आतली बाजू टकली होत चालली होती. तिकडे वाकून बघायला त्याला सवड नव्हती.

मानसीने सांगून पाहिलं, "अरे, गाडी सरळ जातच नाही. सारखी इकडेतिकडे ओढते."

"स्पोर्ट्स गाडी अशीच असते. तुला सवय नाही," उन्मेषने उडवून लावलं.

एके सकाळी मानसी अप्पांना, म्हणजे आपल्या सासऱ्यांना, डोळे तपासायला परळच्या हॉस्पिटलमध्ये नेत होती. मसाल्याच्या दुकानांपाशी एका टँकरमधून पाणी गळून रस्ता ओला झाला होता. पुढची हातगाडी अचानक थांबली. मानसीने ब्रेक दाबला. मी जिवाच्या आकांताने रस्ता धरू पाहिला, पण धरायला माझ्याकडे उरलं होतं काय? गाडी डावीकडे घसरली. तिथे जवळच्याच चाळीतल्या चंपाताई मिरच्यांची पिशवी घेऊन उभ्या होत्या. गाडीचा धक्का लागून त्या पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. मिरच्या रस्ताभर पसरल्या.

गर्दी धावली. "बाईमाणसाच्या हातात असली गाडी देतात कशाला?" एक ओरडला. मानसी कुणाशी भांडली नाही. तिने चंपाताईंना उठवून गाडीत बसवलं आणि हळूहळू हॉस्पिटलमध्ये नेलं. अप्पा सांगत होते, "अहो, सूनबाई सावकाशच चालवत होती." त्यांचं कोण ऐकतो!

घरी आल्यावर उन्मेषने काय विचारावं? चंपाताईंचं नाही, अप्पांचं नाही. त्याने आधी बंपर पाहिला. "जमत नाही तर हात कशाला लावतेस?" असं म्हणून किल्ली काढून घेतली. मग मला लाथ मारली. "आणि हा टायर! भिकार माल."

भिकार? मी? ज्याने मला वाकडं उभं केलं, त्यानेच मी वाकडा गेलो म्हणून ओरडावं? आणि जिने धोका वेळेवर ओळखला, तिलाच अडाणी ठरवावं? मला तोंड असतं, तर त्या पार्किंगमध्ये मी सगळी बिल्डिंग गोळा केली असती!

मानसी मात्र गप्प बसणारी नव्हती. तिने वैशालीला फोन केला, टोइंगची गाडी बोलावली आणि मला शिवडीला नेलं. वैशालीने गाडी लिफ्टवर चढवून माझ्या आतल्या बाजूवर बॅटरीचा उजेड टाकला. "हात जपून लाव. तारा टोचतील."

मानसीने पाहिलं. माझं रबर कधीच संपलं होतं. तिने तिथूनच उन्मेषला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर उभं केलं.

"एवढं झिजेल हे मला काय माहीत?" तो पुटपुटला.

"मी सांगितलं होतं," वैशाली म्हणाली.

"मीही सांगितलं होतं," मानसी म्हणाली. "मागच्या सीटवर अप्पा होते, उन्मेष. चल आता चंपाताईंकडे."

मला गाडीतून उतरवून टॅक्सीच्या डिकीत टाकलं. चंपाताई चाळीच्या ओट्यावर बसल्या होत्या, हात प्लास्टरमध्ये. उन्मेष खाली बघत म्हणाला, "सॉरी, ताई. टायरने दगा दिला हो."

पुन्हा मीच! माझ्या उरल्यासुरल्या तारा ताठ झाल्या. मानसीने मला ओट्याला टेकवून उभं केलं आणि माझी आतली बाजू चंपाताईंकडे फिरवली. "टायरने नाही. नीट सांग."

त्याने वाकून माझी टकली बाजू पाहिली. मग उन्मेष म्हणाला, "चाकं मीच वाकडी करून घेतली होती. दिसायला चांगली म्हणून. हिची चूक नव्हती."

चंपाताईंनी मला बघितलं, त्याला बघितलं. "मला सांगितलंस ते ठीक. पण त्या दिवशी सगळी गर्दी हिच्या अंगावर आली होती. मीसुद्धा हिला वाट्टेल ते बोलले. तिथे जाऊन सांगणार काय?"

"सांगतो," तो हळू आवाजात म्हणाला.

"मग आता चल. मी पण येते." त्या एका हाताने पदर सावरून उठल्या.

भर दुपारी उन्मेषने मला स्वतःच्या खांद्यावर घेतलं. त्याचा पांढरा शर्ट काळा झाला. मसाल्याच्या प्रत्येक दुकानापुढे उभा राहून त्याने तेच सांगितलं. पहिल्या दुकानात त्याला पुन्हा "नीट सांग" ऐकावं लागलं. शेवटच्या दुकानात मानसीला काही आठवण करून द्यावी लागली नाही.

आता मी वैशालीच्या गॅरेजच्या दारात टांगलेला असतो, आतली बाजू बाहेर करून. मित्रांनो, गाडी चपळ करा, हौस करा, माझी ना नाही. पण चाकाला हात लावण्याआधी ती गाडी कोण चालवणार, तिच्यात कोण बसणार आणि रस्त्याच्या कडेला कोण उभं असेल, त्या सगळ्यांचा विचार करा. गाडी ओढते असं कुणी म्हणालं, तर त्याला हसू नका. गुडघे टेका, मान वाकवा आणि टायरची आतली बाजू बघा. कपडे मळले तर मळू देत.